‘छान आहे’ म्हणण्यापूर्वी

कुणी आपली अपुरी कृती आपल्यापुढे ठेवून ‘कशी वाटली?’ असे विचारतो, तेव्हा खरे उत्तर देणे हे आपले कर्तव्य, की त्याचे मन राखणे? वरवर पाहता हा प्रश्न शिष्टाचाराचा वाटतो. मलाही तो बरीच वर्षे तसाच वाटत होता. दोन वर्षांपूर्वीच्या एका लहानशा प्रसंगाने तो नीतीचा प्रश्न आहे, हे मला शिकविले.

खामगाव परिसरातील आमच्या धर्मग्रामातल्या चार तरुणांनी एक बँड उभा केला. गिटार, कीबोर्ड, ढोलक आणि गाणारा एक, एवढाच त्यांचा संसार. स्टुडिओचे भाडे परवडणारे नव्हते. त्यांनी एका मित्राच्या घरातील मागची खोली मागून घेतली, एक माइक आणि जुना लॅपटॉप मिळविला आणि भिंतींवर गोधड्या टांगून ध्वनिमुद्रणास आरंभ केला. खिडकीला त्यांनी कापसाची गादी लावली होती. आमच्या भागातला जलंब-खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७० साली कापसासाठीच सुरू झाला. तोच कापूस आता गाडीचा भोंगा खोलीबाहेर थोपवीत होता. दिवस वैशाखाचे. पंखा लावला की त्याची घरघर माइकमध्ये उतरे, म्हणून तो बंद ठेवून मुले घामाने निथळत गात असत.

त्यांतील एक गाणे गाणाऱ्या मुलाने स्वतः लिहिले होते. ते त्याच्या वडिलांविषयी होते. वडील कापूस पिकवीत. आदल्या वर्षी ते वारले होते.

एके संध्याकाळी चौघे माझ्या घरी आले. प्रत्येक वाद्य आणि आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घेऊन, कोणता मोठा व कोणता लहान हे अंदाजाने ठरवून, सर्व एकत्र केले की जे पहिले कच्चे रूप तयार होते त्याला ‘रफ मिक्स’ म्हणतात. भाजी आचेवर असताना आई चव पाहण्यासाठी थेंबभर रस्सा तळहातावर घेते, तशी ही अवस्था. मीठ अजून घालता येते.

मी हेडफोन लावून ऐकले. चाल चांगली होती, ढोलकही नेमका होता. पण दुसऱ्या कडव्यात गिटार आणि कीबोर्ड मिळून गाणाऱ्याच्या आवाजावर बसले होते. शब्द कळत नव्हते. तीस वर्षे शाळेत वह्या तपासण्यात घालविलेला मी माणूस. चूक दिसली नाही असे म्हणता येणार नाही. तरीही चार उत्सुक चेहरे पाहून मी म्हणालो, “छान आहे.” चेहरे उजळले, चहा झाला, मुले आनंदाने गेली.

पुढे धर्मग्रामाच्या सणाच्या दिवशी ते गाणे ध्वनिक्षेपकावरून वाजविण्यात आले. टाळ्या पडल्या. गाणाऱ्याची आई पुढच्या रांगेत बसली होती. कार्यक्रम संपल्यावर ती शेजारणीला म्हणाली, “वाजोलं त बेस, पण माह्या पोरानं काय म्हटलं थे काई समजलं नाई.” मुलाने ते ऐकले. दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारले, “सर, तुम्हाला त्या दिवशी शब्द कळले होते का?”

मी ‘नाही’ म्हणालो. तो काही बोलला नाही.

आपण असे का वागलो, याचा मी पुष्कळ विचार केला. त्या वेळी मी त्याला प्रेम असे नाव दिले होते. परंतु मला त्यांचे दुःख टाळायचे नव्हते. त्यांचे उतरलेले चेहरे पाहण्याचे माझे दुःख टाळायचे होते. शिवाय खरे सांगायचे तर गाणे पुन्हा ऐकावे लागले असते, नेमके कुठे बिघडले ते शोधावे लागले असते. ‘छान आहे’ म्हणायला मात्र नीट ऐकावेही लागत नाही.

माझा अपराध किती मोठा, हे कळायला गाणारे दुसऱ्याकडे का येतात हे समजून घेतले पाहिजे. ज्याने गीत लिहिले त्याला ते पाठ असते. शब्द वाद्यांखाली दबले तरी त्याच्या मनाला ते ऐकू येतात. तासन्‌तास तेच ऐकून कान थकतात, आणि थकलेल्या कानाला जे मोठे तेच चांगले वाटते. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, आवाज लहान झाला की खर्जाचे स्वर आपल्या कानाला प्रमाणाबाहेर क्षीण वाटतात. म्हणून मोठ्याने ऐकताना भरदार वाटलेले मिश्रण हळू लावले की पोकळ वाटते. सारांश, करणाऱ्याला स्वतःची कृती पुरती ऐकू येत नाही. तो आपल्याकडे शाबासकी मागण्यास आलेला नसतो. तो आपले कान उसने मागतो. मी त्या मुलांना खोटे कान दिले.

यावर कुणी म्हणेल, सत्याने माणूस मोडतो त्याचे काय? शंका रास्त आहे. १८७४ साली नाताळच्या पूर्वसंध्येस रशियन संगीतकार चायकॉव्हस्की याने आपली नवी पियानो-रचना मॉस्कोत निकोलाय रूबिनस्टाइन या मित्राला वाजवून दाखविली. पहिला भाग संपला, तरी रूबिनस्टाइन गप्पच. मग त्याने रचनेचे वाभाडे काढले. दुखावलेल्या चायकॉव्हस्कीने एकही स्वर बदलणार नाही असे ठरविले. १८७५ मध्ये बोस्टन येथे हान्स फॉन ब्यूलो याने ती वाजविली आणि ती गाजली. पुढे रूबिनस्टाइनने स्वतः ती वाजविली, आणि चायकॉव्हस्कीनेही नंतर तिच्यात सुधारणा केल्या. म्हणजे सुधारण्यासारखे काही होते. पण ते अशा रीतीने सांगितले गेले की ऐकणाऱ्याने दार लावून घेतले.

येथे आपल्या परंपरेतील एक जुना विचार उपयोगी पडतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी बांधवाची चूक त्याला दाखविणे हे प्रीतीचेच कृत्य मानले. खुशामतीला मात्र त्यांनी दोषांत गणले. पण त्यांनी हेही बजावले की, योग्य स्थळ-काळ पाहूनच हे करावे. संत मत्तयच्या शुभवर्तमानातही आधी एकांतात सांगण्याचीच शिकवण आहे. काळाचे महत्त्व मला त्या सणाच्या दिवशी उमगले. जे वाक्य माझ्या घरी, कच्च्या अवस्थेत, औषध ठरले असते, तेच सणाच्या मांडवात जखम ठरले. वाक्यातले सत्य तेच होते. त्याची वेळ मी घालविली होती.

आणखी एक आक्षेप राहतो : माझेच ऐकणे बरोबर कशावरून? अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने १९८२ च्या जानेवारीत घरीच, चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट यंत्रावर काही गाणी कच्ची म्हणून मुद्रित केली. मग स्टुडिओत बँडसह ती पुन्हा केली. पण कच्च्या फितीतला भाव तेथे उतरेना. शेवटी त्याच वर्षी ती घरगुती फीतच ‘नेब्रास्का’ या नावाने प्रसिद्ध झाली. एखाद्या जाणकाराने आधीच ‘हे फेकून दे’ म्हटले असते तर? म्हणून ऐकणाऱ्याने निवाडा देऊ नये, साक्ष द्यावी. ‘गाणे फसले’ हा निवाडा आहे. ‘दुसऱ्या कडव्यात मला शब्द कळले नाहीत’ ही साक्ष आहे. निवाड्यापुढे मान तुकवावी लागते किंवा भांडावे लागते. साक्ष ऐकून काय करायचे ते करणाऱ्याच्या हाती राहते. त्याने ती आणखी दोघा-चौघांकडून ताडून पाहावी.

काही महिन्यांनी तो मुलगा एकटाच आला. गाणे त्याने पुन्हा बांधले होते. या वेळी मी ते तीनदा ऐकले, एकदा हेडफोनवर आणि दोनदा साध्या मोबाइलवर. मग म्हणालो, “बाळा, शब्द आता कळतात. पण वडिलांचे नाव येते त्या ओळीवर ढोलक फार जोरात आहे. ती ओळ मला नीट ऐकायची आहे.”

त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मला वाईट वाटले, पण मी शब्द मागे घेतले नाहीत. थोड्या वेळाने तो म्हणाला, “सर, ती ओळ पुन्हा एकदा लावू का?”

ते गाणे पुढे त्याने आईला घरीच ऐकविले. आई काय म्हणाली ते त्याने मला सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.