सांडलेला चहा आणि साडेतीन तास

नकळत झालेल्या नुकसानीला माणूस कितपत जबाबदार असतो? बी.एड.च्या वर्षी मूल्यशिक्षणाच्या पेपरात या प्रश्नावर आम्ही दोन पाने उत्तर लिहिले होते आणि गुणही चांगले मिळवले होते. त्या उत्तराची खरी परीक्षा मात्र गेल्या वर्षी आमच्या उर्दू शाळेच्या स्टाफरूममध्ये एका कप चहाने घेतली.

शाळेत शिक्षकांसाठी लॅपटॉप एकच. निकालपत्रके, उर्दू प्रश्नपत्रिका, ऑनलाइन भरायची माहिती, सारे काम त्याच्यावर. सकाळी साडेदहाच्या सुमारास आम्ही एकटेच त्यावर काम करीत होतो. सातवीचा एक मुलगा हजेरीपट घेऊन आत आला. त्याच्याकडे वळताना आमचे कोपर लागले आणि दूध-साखरेचा अख्खा कप कीबोर्डवर सांडला.

रुमालाने पुसले. चालतो की नाही ते पाहावे म्हणून दोन-चार बटणे दाबली. पडद्यावर एकच अक्षर आपोआप उमटत राहिले, मग सगळे काळोखात गेले. तेवढ्यात घंटा झाली. आम्ही झाकण मिटले आणि तासाला गेलो. मधल्या सुट्टीत सांगू, असे मनाशी ठरवले.

मधल्या सुट्टीच्या आधीच बोभाटा झाला. स्टाफरूममध्ये कोण आले होते, याची चौकशी झाली तेव्हा शिपाई चाचांनी त्या मुलाला आत जाताना पाहिल्याचे सांगितले. मुलाला ऑफिसबाहेर उभे करण्यात आले. "मी नाही केले, सर," एवढेच तो म्हणाला. कोणी केले, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते, तरी नाव घेतले नाही. शिक्षकाविरुद्ध आपला शब्द चालणार नाही, हे बारा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते.

आम्ही दोनदा त्याच्यासमोरून गेलो. दुपारी दोन वाजता मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन कबुली दिली. तोवर साडेतीन तास झाले होते.

संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बसस्टँडजवळच्या दुकानात गेलो. उस्तादांनी तो उघडला, वास घेतला आणि विचारले, "सर, सांडल्यावर चालू करून बघितला होता का?" आम्ही मान खाली घातली. "सगळेच बघतात," ते म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितले. बटणांखाली प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीज वाहून नेणाऱ्या बारीक रेषा छापलेल्या असतात आणि मधल्याला भोके असतात. बटण दाबले की भोकातून दोन्ही रेषा एकमेकींना टेकतात. आत ओल असताना वीज चालू राहिली, तर रेषा झिजू लागतात. एक रेषा तुटली की तिच्यावरची अनेक बटणे एकदम मरतात. म्हणून सांडल्याबरोबर चार्जर काढायचा, लॅपटॉप बंद करायचा, बॅटरी निघत असेल तर काढायची आणि तो उपडा ठेवायचा. बटणे दाबून पाहायची नाहीत. तांदळाच्या डब्यात ठेवूनही भागत नाही, कारण पाणी उडून गेले तरी साखर आणि दूध आतच चिकटून राहते. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावे लागते आणि पूर्ण वाळू द्यावे लागते.

उस्तादांनी तेही करून पाहिले. दोन दिवसांनी लॅपटॉप सुरू झाला, पण पाच बटणे मेलेलीच राहिली. त्यात ए होते. आमच्या उर्दूच्या फोनेटिक मांडणीत अलिफ त्याच बटणावर येतो. अलिफ नसेल तर प्रश्नपत्रिका काय टाइप करणार? शेवटी कीबोर्ड बदलला. १,८०० रुपये आम्ही दिले. शाळेच्या फंडातून देऊ, असे मुख्याध्यापक म्हणाले होते. आम्ही नको म्हटले. आपल्याकडे बुजुर्ग सांगत आले आहेत की, गफलतीने दुसऱ्याचा माल बिघडला तर गुनाह होत नाही, पण भरपाई माफ होत नाही. अमानतीच्या वस्तूबाबत तर एवढे करणे किमान आहे.

इथवर हिशेब सरळ आहे. पण उस्तादांचा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. सांडलेल्या चहापेक्षा पुढच्या दोन मिनिटांत आम्ही जे केले, त्याने नुकसान वाढवले. मुलाच्या बाबतीतही तसेच घडले. कोपर लागणे हा अपघात होता. पुढचे साडेतीन तास अपघात नव्हते. त्यातला प्रत्येक मिनिट आम्ही गप्प राहायचे ठरवूनच घालवला. म्हणून नकळत झालेल्या नुकसानीबद्दल विचारायचे झाले तर, वाचकहो, कळल्यानंतर माणसाने काय केले, हे आधी विचारावे. जबाबदारी तिथून सुरू होते.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चे पोर्टल सुरू केले. विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करून वापरता यावी, हा ग्राहकाचा हक्क आहे, असा त्यामागचा विचार. चांगला विचार आहे. पण वर्गमित्रांच्या देखत संशयित म्हणून उभ्या राहिलेल्या मुलाचा असा हक्क कोणत्या दारात नोंदवायचा? त्याचा सुटा भाग बाजारात मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सातवीच्या वर्गात गेलो आणि सगळ्या मुलांसमोर सांगितले, "चहा आमच्या हातून सांडला होता. हा मुलगा निर्दोष होता, हे आम्हाला माहीत होते, तरी आम्ही बोललो नाही. बेटा, आम्हाला माफ कर." वर्ग चिडीचूप झाला. मुलगा उभा राहिला, "जी सर" म्हणाला आणि खाली बसला. एका सहकाऱ्यांना हे रुचले नाही. शिक्षकाने मुलांपुढे इतके वाकू नये, वचक राहत नाही, असे त्यांचे म्हणणे. वचक कमी झाला असेलही. पण त्यानंतर दोन मुले फुटलेल्या काचेची कबुली द्यायला आपणहून आली.

लॅपटॉप आता नीट चालतो, अलिफही उमटतो. तो मुलगा आठवीत गेला आहे. हजेरीपट अजून तोच आणतो. पण आत टेबलापर्यंत येत नाही. दारातच उभा राहतो आणि आम्ही उठून त्याच्यापर्यंत जाण्याची वाट पाहतो. आम्ही उठून जातो.