सात किलोंचा परिग्रह

बँकांच्या वतीने गोदामांतला माल मोजणं हा माझा धंदा. दुसऱ्याचा परिग्रह मोजून पोट भरणारा माणूस म्हणा हवं तर. आज रायपूर, परवा कोइमतूर, मधे जमलं तर एखादी रात्र सांगलीत. देशातल्या विमानांत हातातलं सामान साधारण ७ किलो चालतं. चाकांची कडक पेटी घेतली तर त्यातले अडीच-तीन किलो तीच खाते. मऊ बॅग किलो-सव्वा किलोत भागते, मापाच्या चौकटीत दाबून बसवता येते. तेव्हा मऊच घ्यायची, हे ठरलेलं. पण टिकणारी?

बॅगेचं कापड सहसा फाटत नाही. आधी तळाच्या कोपऱ्यावरची पायपिंग घासते आणि आतली प्लास्टिकची नळी डोकं वर काढते. मग चेनचा रनर सैल होतो. पुढे दात मिटत जातात, मागे उघडत येतात. पकडीने रनर दाबला की आणखी थोडे प्रवास निघतात. शेवटी आतला लेप दमट हवेत चिकट होऊन शर्टांना त्याच्या पापड्या लागायला लागतात.

म्हणून मी डेनिअरच्या नादी लागलो. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. साध्या बॅगेला बहुधा ६०० डेनिअरचं पॉलिएस्टर असतं, बॅलिस्टिक नायलॉन १६८० पर्यंत जातं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या संरक्षक जाकिटांसाठी निघालेला हा प्रकार. आता त्यात आमचे बनियन प्रवास करतात. रात्री हॉटेलात ताळेबंद बाजूला सारून मी हेच वाचत बसायचो. दिवसभर लोकांच्या मालमत्तेला घसारा लावायचा आणि स्वतःला घसारा नसलेली बॅग हवी!

आमच्या आत्तीचं म्हणणं सरळ होतं. ‘‘तीन फाटक्या घेण्यापरास एक धड घे की. परिग्रह कमीच झाला न्हवं?’’ ती जैन बस्तीत रोज जाणारी, सूर्यास्ताआधी जेवणारी बाई. श्रावकाला सर्वस्व सोडायला कुणी सांगत नाही, आपल्या गरजेची मर्यादा आपणच ठरवायची, हे परिग्रह-परिमाणाचं अणुव्रत तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. गणित तिचं बरोबर. मला अडचण वाटते ती उमास्वामींची. ‘तत्त्वार्थसूत्रा’त ते परिग्रहाची ओळख मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून, करून देतात, मालाच्या राशीवरून नव्हे. त्या मापाने भिकार बॅग निर्दोष ठरते, कारण तिच्यात माझा जीव नव्हता. आणि घरात अजून न आलेली ती १६८० ची बॅग हाच माझा मोठा परिग्रह होता.

पण मग बेफिकिरीने वस्तू फेकत राहणं म्हणजे अपरिग्रह का? हे काही पटत नाही. दिगंबर मुनींजवळ मोरपिसांची पिच्छी असते. बसण्याआधी जागेवरचे जीव न दुखावता बाजूला सारायचे, म्हणून ती मऊ हवी. पिसं राठ झाली की तिचं काम संपलं. चातुर्मासानंतर पिच्छी-परिवर्तनाचा सोहळा होतो. तिथे टिकाऊपणाचा प्रश्नच नाही, पण ती जपून वापरायची हे मात्र ठरलेलं.

सर्वांत कामाचं उत्तर मला शेजारच्या बौद्ध परंपरेत सापडलं. विनयपिटकात भिक्षूच्या पात्राचा नियम आहे: पाचाहून कमी ठिकाणी सांधलेलं पात्र हाताशी असताना नवं मिळवायचं नाही. पात्र कसं घ्यावं, यापेक्षा कधी मागू नये, हे सांगणारा हा नियम. भिक्षूच्या मोजक्या वस्तूंच्या यादीत सुईही आहे. वस्तू झिजणार हे त्या यादीला आधीच मान्य आहे.

मग मी बॅलिस्टिकचा हट्ट सोडला. घेतलेली बॅग बऱ्यापैकी जाड नायलॉनची आहे. चेन साधी, कुठल्याही गावात रनर मिळेल अशी. आतलं अस्तर उलटं करता येईल असं, म्हणजे शिवणाऱ्याचा हात कोपऱ्यापर्यंत पोचतो. पायपिंग नाहीच. स्टँडजवळच्या बॅगवाल्याने एका कोपऱ्याला कातड्याचा तुकडा लावूनही दिलाय, बेढब पण मजबूत.

आत्तीने तो तुकडा अंगठ्याने चाचपून बघितला. ‘‘पाच झाल्यावर नवी घेणार म्हंतोस,’’ ती म्हणाली, ‘‘म्हंजे आता ठिगळं मोजत बसणार. मोजायचा धंदाच हाय म्हणा तुजा.’’