औषधाने व्रत मोडत नाही

घट बसल्यापासून नऊ दिवस धान्य न खाण्याचा कुळाचार ज्या घरात तीन-चार पिढ्या चालत आला आहे, त्या घरातील कर्त्या बाईला मधुमेह असल्याचे निदान झाले, तर तिने नवरात्र धरावे की सोडावे, हा प्रश्न वरवर आरोग्याचा वाटतो; पण व्रत म्हणजे नेमके काय आणि ते कशाने मोडते, हे धर्मविचारातले जुने प्रश्न त्याच्या मुळाशी उभे आहेत. कोल्हापुरात ते अधिक टोकदार होतात, कारण येथे नवरात्र देव्हाऱ्यापुरते राहत नाही. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या भेटीला जाते, अष्टमीच्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते, आणि उपवास धरून अनवाणी दर्शनाला जाणाऱ्या बाईला आपणही सगळ्या गावाच्या व्रतात आहोत असे मनापासून वाटत असते. अशा वेळी एकटीने ताटात भाकरी वाढून घेणे म्हणजे देवीपासून तुटणे, असे तिला वाटते, आणि या भावनेला अडाणीपणा ठरवणारा कोणताही वैद्यकीय सल्ला तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

या उपवासाचे ताट मात्र जवळून पाहिले पाहिजे. सकाळी साखरेचा चहा, थोड्या वेळाने बटाट्याच्या फोडी घातलेली शाबूची खिचडी आणि वर साखर घातलेले दही, दुपारी केळे किंवा उकडलेले रताळे, रात्री वरीचा भात आणि दाण्याची आमटी, असा क्रम बहुतेक घरांत असतो. १०० ग्रॅम कोरड्या शाबूत ८५ ग्रॅमांहून अधिक पिष्ट, म्हणजे पचनानंतर ग्लुकोज होणारा भाग असतो, तर प्रथिने आणि चोथा नावापुरतेच असतात. त्यामुळे ही खिचडी खाल्ल्यावर रक्तातील साखर वेगाने चढते. दुसरीकडे डॉक्टरांनी ‘जेवणानंतर’ म्हणून लिहून दिलेली गोळी, जेवणच नाही म्हणून, डबीत तशीच राहते. किंवा सवयीने गोळी घेतली जाते आणि पूजा, आरती, नैवेद्य उरकेपर्यंत पोटात काहीच जात नाही. इन्सुलिन किंवा स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर अशा वेळी साखर १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरून घाम, थरथर, भोवळ आणि क्वचित बेशुद्धीही येऊ शकते. एकाच दिवसात साखर धोकादायकरीत्या उतरते आणि चढतेही, आणि घरातले सगळे त्याला ‘उपवासाचा अशक्तपणा’ म्हणतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. हा प्रश्न आता एखाद-दुसऱ्या घराचा राहिलेला नाही.

ज्या शास्त्राच्या धाकाने हे घडते असे मानले जाते, त्या शास्त्राचे म्हणणे मात्र फार वेगळे आहे. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत उपवासाची जी व्याख्या पुन्हा पुन्हा येते, ती पापापासून परतून सद्गुणांच्या संगतीत राहणे आणि भोगांचा त्याग करणे अशी आहे. पोटाच्या नियमांतही पायऱ्या आहेत: दिवसा एकदाच जेवणे ते ‘एकभुक्त’, रात्री एकदाच जेवणे ते ‘नक्त’, न मागता मिळेल तेवढेच खाणे ते ‘अयाचित’, आणि अजिबात न जेवणे तो ‘उपवास’. ज्याला वरची पायरी झेपत नाही त्याने खालची धरावी, यात कमीपणा मानलेला नाही. एकादशीचा नियमही वयाच्या आठव्या वर्षानंतर आणि ऐंशी वर्षे पुरी होईपर्यंतच बंधनकारक मानला आहे, म्हणजे देहाची शक्ती नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती. सर्वांत महत्त्वाचे वचन महाभारताच्या उद्योगपर्वात आहे: पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही. गोळी घेतल्याने किंवा इन्सुलिन टोचल्याने उपवास बाटतो, या समजुतीला हे एकच वचन पुरेसे उत्तर आहे, आणि ते घराघरांत माहीत नसावे ही खेदाची गोष्ट आहे.

उपवासाला काय ‘चालते’ याची जी यादी आज अटळ मानली जाते, तिचे वयही तपासून पाहण्यासारखे आहे. यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडात शेकडो व्रतांचा संग्रह केला, तेव्हा बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि हिरवी मिरची ही अमेरिका खंडातली पिके या देशात आलेलीच नव्हती; ज्या कसाव्याच्या कंदापासून तमिळनाडूतील सेलमच्या कारखान्यांत शाबू तयार होतो, तो कंदही त्याच खंडातला. म्हणजे आजचे फराळाचे ताट बऱ्याच अंशी लोकरूढीने घडवलेले आहे, आणि ज्या लोकरूढीने इतके नवे पदार्थ सामावून घेतले तिला काही पदार्थ वगळणेही अवघड नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच जैन घरांत व्रताच्या दिवशी कंदमुळे कटाक्षाने वर्ज्य असतात, आणि शेजारच्या हिंदू घरात त्याच कंदमुळांवर उपवास पार पडतो. पावित्र्य पदार्थात भरलेले असते, तर हे शक्य झाले नसते. आणि आजाऱ्याला सवलत देणे हेही एकाच धर्मापुरते नाही: मुसलमान कुटुंबांच्या रमजानच्या रोज्यांबाबत कुराणाने आजाऱ्याला त्या दिवसांपुरती सूट दिलेली आहे.

यावर श्रद्धावानाचा एक आक्षेप उरतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. कष्टच नसतील तर व्रत कसले, आणि देवीवर भार टाकल्यावर साखरेची चिंता करणे हा अविश्वास नव्हे काय, असे ती बाई विचारू शकते. भगवद्गीतेने याचा विचार केलेला आहे: सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असे म्हटले आहे, आणि सतराव्या अध्यायात शास्त्राने न सांगितलेले घोर तप करून शरीराला व त्यातील ईश्वरालाही पीडा देणाऱ्यांचा निश्चय आसुरी ठरवला आहे. कष्ट हे व्रताचे मोल मानले, तर आजाऱ्याचा कष्ट वेगळा आहे हेही ओळखावे लागते. घरभर खिचडीचा वास दरवळत असताना वाटीभर काकडीच्या कोशिंबिरीवर थांबणे हा संयम कमी प्रतीचा नाही.

येथे एक सूक्ष्म भेद करणे आवश्यक आहे. मीमांसाशास्त्र कर्माच्या फळांत दृष्ट आणि अदृष्ट असा फरक करते. दृष्ट म्हणजे डोळ्यांना दिसणारे, अदृष्ट म्हणजे शास्त्रावाचून न कळणारे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचवलेली दोनच वेळा जेवण्याची पद्धत, किंवा पिष्ट कमी करणारा कोणताही आहार, दृष्ट फळासाठी आहे. तो पथ्य आहे, व्रत नव्हे, आणि त्याला व्रताची प्रतिष्ठा देण्याचे कारण नाही. परंतु तेच ताट देवीसमोर संकल्प करून, जिभेवर आणि रागावर ताबा ठेवण्याच्या निश्चयाने स्वीकारले, तर ते व्रत होते, आणि साखर आटोक्यात राहिली म्हणून त्याचे व्रतपण उणे होत नाही.

असे ताट रूढीच्या मर्यादेतच बसते: दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, बिनसाखरेचे दही किंवा ताक, पनीर, ओले खोबरे, मूठभर शेंगदाणे, आणि वरी घ्यायचीच तर ती आमटीबरोबर दोन चमचे. मात्र लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या चालू असताना पिष्ट एकदम तोडले, तर रक्तात कीटोन नावाची आम्ले साचण्याचा धोका असतो, आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचाही हिशेब करावा लागतो. म्हणून औषधाची मात्रा आणि वेळ डॉक्टरांकडून आधीच बदलून घेतली पाहिजे. आणि उपवास अजिबात झेपणार नसेल, तर नित्य, म्हणजे न चुकता करायच्या व्रतांसाठी शास्त्राने प्रतिनिधीची सोय केली आहे: पती, पुत्र, भाऊ किंवा पुरोहित तिच्या वतीने व्रत पाळू शकतो. आजवर घरभराच्या कल्याणासाठी उपवास धरणारी, इतरांचा स्वयंपाक वेगळा करणारी आणि सर्वांत शेवटी फराळाला बसणारी बाई एकटीच या कुळाचाराचा भार वाहत आली आहे. यंदा घट बसण्याच्या पंधरा दिवस आधी तिला डॉक्टरांकडे न्यावे, आणि नऊ दिवसांचा उपवास घरातल्या एखाद्या धडधाकट पुरुषाने आपल्याकडे मागून घ्यावा.