गोगलगाईचा अपराध

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण बाहेरून गरीब व आतून कावेबाज अशा माणसासाठी योजली जाते. वस्तुतः गोगलगाईचा पाय पोटाशी असतो तो चालण्यासाठी. कावा त्यात माणसाने पाहिला. भाषेने एका मुक्या जीवावर केलेला हा आरोप विनोदाने घेता येतो. परंतु जिच्यामुळे माणसे खरोखरच आजारी पडली अशा गोगलगाईचा विचार करू लागले, की म्हणीत दडलेला प्रश्न गंभीर होतो. अनर्थ ज्याच्याद्वारे घडतो, तो त्या अनर्थाचा अपराधी असतो काय?

नाईलच्या कालव्यांत ब्युलिनस या प्रजातीच्या गोगलगाई राहतात. शंख लहानसा, त्याचा वेढा डावीकडे वळलेला. पाण्यात राहूनही ही हवा घेते ती फुप्फुसाने. शेवाळ आणि कुजकी पाने हा तिचा आहार. १८५१ मध्ये थिओडोर बिल्हार्झ या जर्मन वैद्याला कैरो येथे शवविच्छेदन करताना माणसाच्या रक्तवाहिन्यांत एक कृमी आढळला. या कृमीची अंडी मूत्रावाटे बाहेर पडतात आणि रोग्याच्या लघवीतून रक्त जाते. कृमी माणसापर्यंत पोचतो कसा, हे कळायला आणखी चौसष्ट वर्षे लागली. १९१५ साली रॉबर्ट लायपर याने इजिप्तमध्येच ती वाट दाखवून दिली. पाण्यात पडलेल्या अंड्यातून निघालेल्या अळीला थोड्याच काळात ही गोगलगाय गाठावी लागते. नाही तर ती मरते. गाठली, तर त्या देहात एकीच्या हजारो होतात आणि पाण्यात उतरून न्हाणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, शेताला पाणी देणाऱ्या माणसांच्या त्वचेतून आत शिरतात. मधल्या काळात गोगलगाईचे अंडी घालणे मंदावते वा थांबते, तिचे आयुष्य घटते. माणूस जिला रोगाची प्रसारक म्हणतो, ती आधी स्वतःच रोगी झालेली असते.

भारतीय तर्कपरंपरेने कारणाचा विचार फार बारकाईने केला आहे. घट घडण्यापूर्वी माती वाहून आणणारे गाढव हजर असते. तरीही नैयायिक त्याला घटाचे कारण मानीत नाहीत. ते ‘अन्यथासिद्ध’ ठरते, कारण माती दुसऱ्या मार्गानेही आली असती. ब्युलिनसला ही सुटका नाही. तिच्यावाचून या कृमीचा जीवनक्रम पुरा होत नाही. ती खरेच कारण आहे. पण कारण असणे वेगळे आणि अपराधी असणे वेगळे. अपराधाला जाणीव लागते, वेगळे वागण्याची शक्यता लागते. गोगलगाईपाशी दोन्ही नाहीत.

ज्याच्यापाशी दोन्ही आहेत, त्याचा वाटा मात्र क्वचितच तपासला जातो. रोग जुना आहे; सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या मूत्रपिंडांत या कृमीची अंडी १९१० मध्ये आढळली. तथापि नाईलचा पूर वर्षातून एकदा शेतांवर पसरून ओसरत असे, तोवर गोगलगाईंच्या वाढीलाही मर्यादा होती. बारमाही कालवे आले तसे त्यांना बारमाही घर मिळाले आणि रोग बळावला. कालवे खणणाऱ्यांना कापूस आणि दुबार पीक हवे होते. रोग कोणालाच नको होता. शिक्षा मात्र गोगलगाईला झाली. कालव्यांत मोरचूद टाकले गेले, पुढे निक्लोसामाइड आले, ज्याने मासेही मरतात. मुलांना वाचविण्यासाठी गोगलगाय मारणे समर्थनीय ठरू शकेल. पण तो बचाव आहे, न्यायदान नव्हे. बचावाला न्यायाचे नाव दिले, की स्वतःचा वाटा तपासायचा राहून जातो.

याहून अवघड प्रसंग पुढे आला. १९५० नंतरची सुमारे तीन दशके इजिप्तमध्ये या रोगावर अँटिमनीयुक्त औषधाची इंजेक्शने गावोगाव देण्यात आली. हेतू शुद्ध होता, औषध उपयोगी होते. परंतु काचेच्या त्याच पिचकाऱ्या आणि त्याच सुया, नीट निर्जंतुक न करता, एकामागून एक माणसांसाठी वापरल्या गेल्या. त्यांतून यकृताचा एक विषाणू रक्तारक्तांतून पसरला. त्याची ओळखच मुळी १९८९ मध्ये पटली. आज त्याला हेपॅटायटिस सी म्हणतात. उपचार करणारा हात त्या काळात गोगलगाईच्याच जागी होता. तोही वाहक होता आणि आपण काय वाहून नेत आहोत हे त्याला ठाऊक नव्हते.

त्या हाताला अपराधी म्हणावे काय? विषाणूचे अज्ञान क्षम्य मानता येईल. सुई दर वेळी शुद्ध हवी, हे मात्र तेव्हाही अज्ञात नव्हते. दोषाची अशी अचूक वाटणी करीत बसले, तर ती कधी संपणार नाही. इजिप्तने अखेरीस दुसरा मार्ग धरला. २०१८ च्या ऑक्टोबरपासून अवघ्या सात महिन्यांत सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी झाली आणि बाधितांना विनामूल्य औषध देण्यात आले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निर्मूलनाच्या वाटेवरील त्या देशाच्या वाटचालीला मान्यता दिली. सुया टोचणारी पिढी वेगळी आणि निस्तरणारी वेगळी. दोष स्वतःचा नसतानाही तिने उत्तरदायित्व स्वीकारले.

गोगलगाय निमित्त होते आणि निमित्तच राहते. माणूसही नकळत निमित्त होऊ शकतो. पण कळल्यानंतर केवळ निमित्त राहण्याची सवलत त्याला उरत नाही.