बोलता न येणाऱ्याचं खातं

कुंभाराने घडवलेलं मडकं कुंभाराचं, यात वाद नाही. पण घडवलेली गोष्ट श्वास घेणारी असेल तर ती कोणाची? हा प्रश्न काल्पनिक नाही. एका उंदरापायी तो दोन खंडांत लढला गेला आहे.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील फिलिप लेडर आणि टिमोथी स्टुअर्ट यांनी उंदराच्या बीजात कर्करोगाला वाट करून देणारं जनुक घातलं. असा उंदीर या रोगाला लवकर बळी पडतो आणि तो दोष पिल्लांतही उतरतो. संशोधनाला उपयोगी म्हणून १९८८ साली अमेरिकेने त्याचं पेटंट दिलं. तिथे प्राण्यावर मिळालेलं ते पहिलं पेटंट.

कॅनडात मात्र २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. पाच न्यायमूर्ती म्हणाले, उंदीर हे काही नुसतं पदार्थांचं मिश्रण नव्हे, कायद्यातल्या ‘शोध’ या शब्दात तो बसत नाही. चौघांचं मत उलट पडलं. युरोपात पेटंट कार्यालयाने तराजूच हातात घेतला: एका पारड्यात प्राण्याचे हाल, दुसऱ्यात माणसाचं हित. १९९२ मध्ये पेटंट दिलं. प्राण्यांसाठी झटणाऱ्या संस्थांनी हरकती घेतल्या. शेवटी २००४ मध्ये ते केवळ उंदरांपुरतं राहिलं. आपल्याकडे कलम ३(जे) प्रमाणे सूक्ष्मजीव वगळता प्राणी आणि वनस्पती यांना पेटंट मिळत नाही.

आता असं बघा, या सगळ्या भांडणात मुख्य प्रश्न होता मालकीचा. कॅनडात पेटंट नाकारलं म्हणून उंदराला हक्क मिळाला असं झालं नाही. पिंजरा होता तिथेच राहिला.

कोणी म्हणेल, ज्याला बोलता येत नाही त्याला हक्क कसला? माझी नोकरी बँकेत गेली. तिथे अज्ञान मुलांची खाती असतात. मुलाला सही येत नाही, तरी पैसा त्याचाच. पालक सही करतो, पण त्या पैशावर स्वतःची चैन करू शकत नाही. सही न येणं म्हणजे हक्क नसणं नव्हे, एवढं तर साध्या बँकेलाही कळतं.

दुसरी बाजूही खरी आहे. आमच्या थोरल्या वहिनींची केमो चालू होती तेव्हा ते औषध आधी कोणत्या जिवावर तपासलं, हे घरात कोणी विचारलं नाही. विचारण्याची ती वेळही नव्हती. आजारी माणसाच्या उशाशी बसून ‘प्रयोग बंद करा’ म्हणणं सोपं नाही, आणि मी ते म्हणतही नाही.

पण जमेला औषध लिहिलं तर नावे बाजूला त्या जिवाची वेदना लिहावीच लागेल. शास्त्रज्ञाने एक जनुक घातलं. भूक, भीती, पिल्लांची ओढ त्याने घातलेली नाही. म्हणून पालकाप्रमाणे त्याला हिशेब विचारला पाहिजे: दुसरा मार्ग होता का? कमी जिवांत भागलं असतं का? वेदना कमी करता आली असती का?

कबुतर, हरीण, मासा यांना गुरू मानणाऱ्या दत्तप्रभूंचे आपण भक्त. हा हिशेब मागायला आपल्याला तरी संकोच वाटू नये.