आपल्या चाकराची आपल्याला खबर आहे काय?

शास्त्रपाठ : लूक ७:१-१०



कफर्णहूमच्या शताधिपतीचा वृत्तांत शब्बाथशाळेतील लहान मुलांनाही ठाऊक असतो. त्याच्या विश्वासावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत, आणि ते योग्यच आहे. प्रभूला स्वतःला त्या विश्वासाचे आश्चर्य वाटले. परंतु या वेळी आम्ही वाचकांचे लक्ष त्याच घरातील दुसऱ्या एका माणसाकडे वेधू इच्छितो. या संपूर्ण वृत्तांतात तो एक शब्दही बोलत नाही. लूकाने त्याचे नाव दिलेले नाही. तो अंथरुणाला खिळलेला असून मरणाच्या दारी आहे. तो शताधिपतीचा चाकर होय.

त्या काळी चाकर म्हणजे विकत घेतलेला दास. रोम शहरात काही धनी आजारी दासाच्या औषधपाण्याचा त्रास नको म्हणून त्याला टायबर नदीतील एका बेटावर नेऊन टाकीत. ही गोष्ट इतकी वाढली की, असा टाकून दिलेला दास बरा झाल्यास तो स्वतंत्र समजावा, असा हुकूम क्लौद्य कैसराला काढावा लागला. प्रेषितांच्या कृत्यांत ज्याचा उल्लेख येतो तोच हा क्लौद्य. अशा जगात एक लष्करी अधिकारी आपल्या चाकरासाठी तळमळतो! तो चाकर त्याला फार प्रिय होता, असे लूक सांगतो. मूळ ग्रीक शब्दात मोल आणि मान हे दोन्ही अर्थ आहेत. आणि शताधिपती स्वतः निरोप धाडतो तेव्हा चाकरासाठी जो शब्द योजतो, त्याचा अर्थ मूल असाही होतो.

या पाठातून तीन गोष्टी आपण मनावर घेऊ या.

पहिली गोष्ट, धन्याला खबर होती. शंभर शिपायांचा कारभार पाहणाऱ्या माणसाला आपल्या घरात कोण निजून आहे हे ठाऊक होते. आपल्यापैकी बहुतेक जण दुसऱ्याच्या नोकरीत आहेत : कोणी परिचारिका, कोणी शिक्षक, कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी कारखान्यात. तसेच आपल्यापैकी पुष्कळ जण धनीही आहेत. घरी धुणीभांडी करणारी बाई येते, दुकानात पोऱ्या असतो, हाताखाली चार माणसे असतात. मंडळी स्वतःसुद्धा धनी आहे. चर्चचा पहारेकरी, पेटीवादक, मंडळीच्या शाळेतील शिपाई, आणि आपले पाळकसाहेबसुद्धा, या सर्वांच्या श्रमाचा हिशेब प्रभू आपल्याजवळ मागणार आहे.

शरीराचा ताप हाताला लागतो. मनाचा ताप हाताला लागत नाही. तरी त्याच्या खुणा असतात. वेळेवर येणारा उशिरा येऊ लागतो. सर्वांबरोबर डबा खाणारी एकटी बसू लागते. झोप उडते, लहानशा चुकीवर डोळ्यांत पाणी येते किंवा तोंडातून आग निघते. कोणी सहज म्हणून जातो, "आता जगण्यात काही राम राहिला नाही." हे वाक्य कानावर आले तर ते थट्टेवारी नेऊ नये. थांबावे, त्याला बाजूला घेऊन विचारावे, आणि जीव देण्याचे विचार मनात येतात काय, हेही प्रेमाने व स्पष्ट विचारावे. असे विचारल्याने ते विचार मनात भरत नाहीत. उलट कोंडलेला माणूस मोकळा होतो.

मात्र खबर घेणे म्हणजे केवळ गोड बोलणे नव्हे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचा न्याय करीत बसे, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो याने त्याला धीर धरण्याचा उपदेश केला नाही. त्याने काम वाटून देण्यास सांगितले (निर्गम १८). जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगांच्या वर्गीकरणात कामाच्या न आवरलेल्या ताणाने येणाऱ्या थकव्याची नोंद केली, आणि तो रोग म्हणून नव्हे तर नोकरीशी निगडित स्थिती म्हणून गणला. याचा अर्थ असा की, औषध पुष्कळदा कामाच्या रचनेत असते. ज्या परिचारिकेला लागोपाठ रात्रपाळ्या दिल्या आहेत, तिला सहनशीलतेवर प्रवचन देऊन काय होणार? पाळ्या बदलणे हेच तिथे ख्रिस्ती कर्तव्य आहे. मजुराचा रोज सूर्य मावळण्यापूर्वी द्यावा, असे नियमशास्त्र सांगते (अनुवाद २४:१४-१५). इंदूरच्या बांधवांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. तिथली हुकुमचंद मिल १९९१-९२ च्या सुमारास बंद पडली, आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांसाठी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे नाताळच्या दिवशी, दिला गेला. सुमारे ४,८०० कामगारांचा त्यात वाटा होता. तीस वर्षांहून अधिक काळ सूर्य मावळत राहिला, आणि कित्येकांनी वाट पाहता पाहताच डोळे मिटले.

दुसरी गोष्ट, शताधिपतीने मदत मागितली. जा म्हटले की जाणारे आणि ये म्हटले की येणारे शिपाई त्याच्या हाताखाली होते. पण रोग त्याच्या हुकमात नव्हता. तेव्हा त्याने आधी गावचे वडीलजन पाठवले व नंतर आपले मित्र पाठवले. अधिकाराच्या माणसाने आपली असहायता गावासमोर उघडी केली! आपल्याला मात्र हे जड जाते. नोकरी गेलेला बाप कित्येक दिवस डबा घेऊन घराबाहेर पडतो, पण मंडळीत सांगत नाही. का? कारण दोन प्रकारची भीती असते.

एक भीती अशी की, "तुझा विश्वास कमी पडला," असे लोक म्हणतील. अशा वेळी एलीयाकडे पाहावे (१ राजे १९). तो संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवाने त्याला दटावले नाही. त्याला झोपू दिले, दूताकरवी उठवून भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. बोलणे पुढे झाले. शेवटी सोबतीला अलीशा दिला. झोप, अन्न, ऐकून घेणारा आणि सोबती : ही देवाची रीत आहे. डॉक्टरांकडे जाणे व औषध घेणे हे त्या भाकरीसारखेच समजावे.

दुसरी भीती अधिक खरी आहे, आणि तिला आम्हीच, म्हणजे मंडळीच, जबाबदार आहोत. बेळगाव, वडोदरा, हैदराबाद, ग्वाल्हेर येथील आपल्या मराठी मंडळ्या लहान आहेत. कचेरीत आणि दवाखान्यात कानडी, गुजराती, तेलुगू किंवा हिंदी चालते. पण जीव घुसमटला म्हणजे माणसाला मायबोलीतच बोलावेसे वाटते. ती जागा म्हणजे आपली मंडळी. परंतु लहान मंडळीत सर्व जण एकमेकांचे सोयरे. बुधवारच्या प्रार्थनासभेत सांगितलेला विनंतीचा विषय रविवारी चहाबरोबर चघळला जातो, आणि पुढे मुलीच्या सोयरिकीत आडवा येतो. असे जिथे घडते तिथे कोण तोंड उघडील? म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे : ज्याचे दुःख आहे त्याच्या परवानगीवाचून ते प्रार्थनेतसुद्धा नाव घेऊन उच्चारू नये. मात्र एखाद्याचा जीव धोक्यात असेल, तर ज्याची मदत लागेल त्याला सांगणे ही चहाडी नव्हे.

तिसरी गोष्ट, वडीलजन स्वतः गेले. ते यहूदी, तो विदेशी. तरी ते प्रभूजवळ जाऊन कळकळीने बोलले. त्यांनी शताधिपतीची लायकी सांगितली, कारण त्याने त्यांचे सभास्थान बांधून दिले होते. तो स्वतः म्हणाला, मी लायक नाही. प्रभू लायकीच्या वादात पडला नाही; तो त्यांच्याबरोबर चालू लागला. तेव्हा दारू पिऊन नोकरी घालवलेल्याच्या घरीसुद्धा आधी जावे; हिशेब नंतर करावा.

जाणाऱ्याला फार विद्वान असावे लागत नाही. चाड वारा नावाच्या इंग्रज पाळकाला १९३५ साली एका चौदा वर्षांच्या मुलीचे दफन करावे लागले. मासिक पाळी सुरू झाली तेव्हा आपल्याला भयंकर रोग झाला असे समजून तिने जीव दिला होता. तिला समजावून सांगणारे कोणी नव्हते. ते दुःख मनात ठेवून त्यांनी १९५३ साली लंडनच्या एका चर्चमध्ये जीवनाला कंटाळलेल्यांसाठी टेलिफोनची सोय केली. प्रत्यक्ष येणाऱ्यांना बाहेर थांबावे लागे, म्हणून काही साधे लोक त्यांना चहा देत व जवळ बसत. पुढे असे दिसले की, पुष्कळांना आत पाळकाकडे जाण्याची गरजच उरत नसे. चहा देणाऱ्याने ऐकून घेतले, तेवढ्याने भार हलका होई. त्या चहावाल्यांतूनच 'समॅरिटन्स' ही संस्था उभी राहिली.

आता आपण काय करावे? प्रत्येक मंडळीने एक बंधू व एक भगिनी अशी दोन विश्वासू माणसे नेमावीत, ज्यांच्याशी कोणीही एकांतात बोलू शकेल. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांकडे लक्ष ठेवावे. सहलीची वर्गणी न आणणारे, एकाएकी गप्प झालेले मूल घराची बातमी सांगत असते. नोकरी गेलेल्या कुटुंबाला तीन महिन्यांचा शिधा व मुलांची फी पोहोचेल असा निधी वेगळा ठेवावा, आणि तो गाजावाजा न करता द्यावा. शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. ती रात्रंदिवस व विनामूल्य असून मराठीतही बोलता येते. हा क्रमांक चर्चच्या फलकावर लावावा. आणि हेही सर्वांना सांगावे की, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे मानले आहे. शिक्षेच्या भयाने त्याला दवाखान्यात नेण्यास कोणी विलंब करू नये.

शताधिपतीचा चाकर बरा झाला तेव्हा तो प्रभूजवळ नव्हता. तो घरी अंथरुणावर होता, आणि दुसरी माणसे त्याच्यासाठी रस्त्याने चालत होती. आपल्या रस्त्यावरही असे एखादे घर आहे. या आठवड्यात त्याचे दार ठोठवावे.

हे प्रभू, आमच्या हाताखाली व आमच्या शेजारी जे मुकाट्याने सोशीत आहेत, त्यांची आम्हाला खबर दे. आमची जीभ आवर, आमचे पाय उचल. आमेन.