अर्जुनाची साल

विभूतियोगात भगवंत वृक्षांमध्ये अश्वत्थाला आणि पांडवांमध्ये धनंजयाला आपले रूप म्हणतात. त्या धनंजयाचे नाव एका वृक्षालाही लाभले आहे. अर्जुन म्हणजे शुभ्र. या झाडाची सालही पांढुरकी. निघंटुकारांना हे साम्य इतके रुचले, की पार्थाची सारी नावे त्यांनी वृक्षाला देऊन टाकली. नदीसर्ज हेही त्याचेच नाव. ओढ्यानद्यांच्या काठी तो वाढतो; नर्मदेच्या खोऱ्यात त्याला कहुआ म्हणतात.

अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्त हृद्रोगावर ही साल दुधातून द्यावयास सांगतात. क्षीरपाकाची रीत अशी : साल एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग, मंद आचेवर दूध तेवढे उरेपर्यंत आटवावे. जबलपूरच्या राइट टाउनमधील एखाद्या मराठी घरी आजोबांसाठी असा पाक होत असेल, तर त्यात नवल नाही. मात्र त्याच्या भरवशावर डॉक्टरांचे औषध परस्पर बंद करणे ही श्रद्धा नव्हे. सतराव्या अध्यायातील मूढाग्रहाचीच ती जात होय.

सालीची पुडी बाजारातून येते. बाजारात ती कोठून आली, हे सहसा कोणी विचारीत नाही. पानांनी सिद्ध केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. लोभाने खोडाभोवतीचे पूर्ण कडे सोलले, की मुळे उपाशी राहतात व वृक्ष उभ्या उभ्या वाळतो. एकाच्या हृदयासाठी दुसऱ्याचा प्राण जातो. जबलपूरच्याच उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेत साल काढण्याच्या निर्दोष रीतीचा अभ्यास झालेला आहे. आतला थर राखावा, घेराचा काही भागच सोलावा, जखम भरेपर्यंत पुन्हा हात लावू नये. साल परत येते.

तिसऱ्या अध्यायात, देवांनी दिलेले त्यांना न अर्पिता जो भोगतो, त्याला भगवंतांनी चोर म्हटले आहे. हा शब्द कठोर खरा. परंतु रोज अर्जुनाचे दूध घेणाऱ्या गृहस्थाने तो आपल्याकडे वळवून पाहावा. दुकानदाराला साल कोणत्या रानातली, कशी काढलेली, एवढे तरी विचारता येईल. उन्हाळ्यात अर्जुनाची पाच पंखांची फळे पिकून गळतात. ती वेचून रोपे करावीत आणि पावसाळ्यात, जागा पाहून, ओढ्याकाठी लावावीत. लावणाऱ्याला त्यांची साल बहुधा मिळणार नाही. ती नातवंडांच्या वयापर्यंत तयार होईल.